अणुवैद्यक तपासण्या आणि आपल्या वाट्याचा किरणोत्सर्ग

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समारंभात मी जे बोललो ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावे असा चिटणीस साहेबांचा आग्रह झाला. सभागृहात श्रोत्यांच्या चेहऱ्यावरून कळते की कुठे थांबावे आणि कुठे पुन्हा समजावून सांगावे. कागदावर तशी सोय नाही. म्हणून तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसला आहात असे धरूनच लिहितो. विषय थोडा रुक्ष आहे, आकडेही बरेच आहेत. पण हे आकडे तुमच्या-माझ्या घरातले आहेत, एवढे ध्यानात ठेवून वाचावे अशी विनंती.

मी चौतीस वर्षे मुंबईतील एका रुग्णालयाच्या अणुवैद्यक विभागात, म्हणजे ज्याला सर्वजण न्यूक्लिअर मेडिसीन म्हणतात त्या खात्यात, तंत्रज्ञ म्हणून काम केले. या काळात दोन तऱ्हेची माणसे मला पुन्हा पुन्हा भेटली. पहिल्या तऱ्हेतली एक खाला आठवते. तिच्या हाडांची तपासणी, म्हणजे बोन स्कॅन, झाली होती. पुढच्या वेळी आली तेव्हा डोळ्यांत पाणी. घरच्यांनी तिचे ताट-वाटी वेगळी केली होती आणि सहा महिने नातवाला तिच्या मांडीवर बसू दिले नव्हते. "खालाच्या अंगात अणू सोडलाय" असे शेजारच्या कोणीतरी सांगितले होते म्हणे. त्या तपासणीतला किरणोत्सारी पदार्थ दोन दिवसांत जवळजवळ संपून जातो. नातू त्याच रात्री मांडीवर बसला असता तरी त्याला जे काही मिळाले असते ते निसर्गातून दोन-तीन आठवड्यांत आपणा सर्वांना मिळते त्याहून अधिक नसते.

दुसऱ्या तऱ्हेतले एक चाचा. चांगले खाऊन-पिऊन सुखी, छातीत कधी दुखले नाही, दम लागला नाही. पण चार वर्षांत त्यांच्या हृदयाची अणुतपासणी तीनदा झालेली. मी विचारले, "चाचा, त्रास काय होतो?" म्हणाले, "त्रास काही नाही, विम्यात बसते, म्हणून दरवेळी करून घेतो."

खाला ज्याला भ्याली त्यात भिण्यासारखे फारसे नव्हते आणि चाचा ज्याबाबत निश्चिंत होते तिथे थोडा विचार हवा होता. एका समाजाच्या वाट्याला वैद्यकीय किरणोत्सर्ग किती येतो हे पुष्कळसे अशा चाचांवर आणि त्यांना चिठ्ठी लिहून देणाऱ्यांवर ठरते. ते कसे, हेच मला सांगायचे आहे.

प्रथम ही तपासणी म्हणजे काय ते पाहू. एक्स-रेमध्ये किरण बाहेरच्या यंत्रातून येतात आणि शरीराच्या आरपार जातात. बटण बंद केले की किरण संपले. अणुवैद्यकात उलटे असते. येथे किरणोत्सारी पदार्थाचा अत्यल्प अंश एखाद्या औषधाला जोडून शिरेतून देतात किंवा पाजतात. औषध ज्या अवयवाकडे जायचे तिकडे जाते आणि तेथून गॅमा किरण बाहेर पडू लागतात. बाहेर ठेवलेला गॅमा कॅमेरा ते टिपतो. थोडक्यात, काही तासांपुरता रुग्णच दिवा होतो आणि यंत्र नुसते पाहात बसते. हाड मोडले की नाही हे एक्स-रे सांगेल. हाड आतून कसे काम करते आहे, हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त कमी पडते, मूत्रपिंड किती गाळते, हे या तपासणीतून कळते.

ही कल्पना जॉर्ज हेवेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाची. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. १९११ च्या सुमारास तो मँचेस्टरला खाणावळीत राहात असे. मालकीण उरलेले मांस पुन्हा दुसऱ्या दिवशीच्या पदार्थात घालते असा त्याला संशय. एके दिवशी त्याने ताटात उरलेल्या तुकड्यांत किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला आणि पुढच्या दिवसांत आलेला पदार्थ उपकरणाने तपासला. मालकीण पकडली गेली. पुढे १९२३ साली त्याने वनस्पतींत शिशाचा प्रवास याच युक्तीने शोधला आणि १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. खाणावळीत जेवणाऱ्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडायची.

आपल्याकडे तुर्भे येथे १९५६ साली अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली आणि किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसीन सेंटर निघाले. आज सर्वात जास्त वापर होतो तो टेक्नेशियम-९९एम या समस्थानिकाचा. तो मॉलिब्डेनमपासून सतत तयार होत असतो. मॉलिब्डेनमचे भांडे आठवड्याला येते आणि रोज सकाळी त्यातून टेक्नेशियम काढून घेतात. या भांड्याला जगभर 'गाय' म्हणतात आणि त्या कामाला दूध काढणे. आमच्या खात्यात नवीन मुलगा रुजू झाला की "सकाळी सातला गाईचे दूध काढायला ये" असा हुकूम ऐकून गोंधळून जायचा.

टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तासांचे. म्हणजे सहा तासांत निम्मे, बारा तासांत पाव, चोवीस तासांत सोळावा हिस्सा. शिवाय लघवीवाटे बरेच निघून जाते ते वेगळे. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस, थॅलियम-२०१ चे सुमारे त्र्याहत्तर तास, पेट स्कॅनसाठी वापरतात त्या फ्लोरिन-१८ चे फक्त एकशे दहा मिनिटे. कोणता पदार्थ दिला यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

आता मोजमापाकडे वळू. शरीराला पोचलेल्या किरणोत्सर्गाचा एकूण परिणाम मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. कापड मोजायला मीटर तसे हे. आपण कोणतीही तपासणी केली नाही तरी जमीन, आकाश, अन्न आणि हवेतला रेडॉन वायू यांपासून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीचा एक्स-रे म्हणजे ०.१ किंवा त्याहूनही बराच कमी. हाडांचा स्कॅन चार ते सहा. हृदयाची टेक्नेशियमची तपासणी, श्रम आणि विश्रांती असे दोन्ही भाग धरून, नऊ ते बारा. तीच पूर्वी थॅलियमने करीत तेव्हा पंधरा ते वीस, कधी अधिकही. गंमत अशी की थॅलियम बहुतेक ठिकाणी मागे पडला तरी लोकांच्या तोंडी आजही ती 'थॅलियम टेस्ट'च आहे. पेट स्कॅनमध्ये औषधापासून साधारण सात, आणि त्याच टेबलावर सीटी स्कॅनही होतो त्याचे वेगळे. सीटी कोणत्या पद्धतीने काढला त्यावर ते औषधाइतके किंवा दुप्पटही होऊ शकतात.

हे एका माणसाचे झाले. संपूर्ण लोकसंख्येचा हिशेब मांडायचा तर देशातल्या सर्व तपासण्यांची बेरीज करून ती माणशी वाटून टाकतात. असा हिशेब अमेरिकेत ठेवला जातो, म्हणून उदाहरण तिथले घेतो. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे वैद्यकीय कारणाने माणशी वर्षाला सुमारे ०.५३ मिलिसिव्हर्ट येत. त्यात अणुवैद्यकाचा वाटा ०.१४. पंचवीस वर्षांनी, २००६ साली, वैद्यकीय वाटा सुमारे तीन झाला, म्हणजे जवळपास निसर्गाइतका. अणुवैद्यकाचा वाटा पाऊण मिलिसिव्हर्टच्या घरात गेला, म्हणजे पाचपट. त्या वर्षी तेथे सुमारे एक कोटी सत्तर लाख अणुवैद्यक तपासण्या झाल्या. त्यांपैकी ५७ टक्के हृदयाच्या होत्या. पण अणुवैद्यकाच्या एकूण किरणमात्रेतला ८५ टक्के भाग या हृदयतपासण्यांनी उचलला होता. एका अवयवाच्या तपासणीने संपूर्ण राष्ट्राचा आकडा वर ओढला.

हा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला आणि तेथील डॉक्टर मंडळींत चर्चा झाली. त्याच सुमारास एक अडचणही आली. कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ मध्ये दुरुस्तीसाठी बंद पडली ती ऑगस्ट २०१० पर्यंत. जगाचा मॉलिब्डेनम तेथून मोठ्या प्रमाणात येत असे. गाय आटली! तपासण्या काटकसरीने कराव्या लागल्या, काही ठिकाणी पुन्हा थॅलियम काढावे लागले. तेथील हृदयरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली उद्दिष्ट ठेवले की २०१४ पर्यंत निम्म्या तपासण्या तरी नऊ मिलिसिव्हर्ट किंवा त्याखाली याव्यात. २०१६ साली पुन्हा मोजणी झाली. अणुवैद्यकाचा माणशी वाटा ०.३२ वर आला होता. निम्म्याहूनही कमी!

आता या ठिकाणी क्षणभर थांबा. तपासण्या किती कमी झाल्या? एक कोटी सत्तर लाखांवरून एक कोटी पस्तीस लाख. म्हणजे पाचातली एक कमी झाली. किरणमात्रा मात्र निम्म्याहून अधिक उतरली. बाकीची घट झाली ती तपासणीच्या पद्धतीमुळे. थॅलियम गेले, टेक्नेशियम आले. कॅमेरे अधिक संवेदनशील झाले, संगणक कमी किरणांतूनही चित्र नीट काढू लागले, त्यामुळे औषध निम्मे दिले तरी भागू लागले. आणि एक अगदी साधी युक्ती, जिला एक पैसा लागत नाही: आधी श्रमाचा भाग करावा, तो निर्दोष आला तर विश्रांतीचा भाग करूच नये. रुग्णाला दुसरे इंजेक्शन नाही, दुसरा हेलपाटा नाही.

मला या आकड्यांत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. रुग्णांना तपासणी नाकारावी न लागता लोकसंख्येची किरणमात्रा उतरू शकते. पण ती आपोआप उतरत नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१३ साली ६५ देशांतल्या ३०८ प्रयोगशाळांत हृदयाच्या सुमारे आठ हजार तपासण्यांची पाहणी केली. सरासरी दहा मिलिसिव्हर्ट निघाली. परंतु कोणा रुग्णाला एकाहूनही कमी मिळाले होते तर कोणाला पस्तीस. तपासणी एकच आणि प्रश्नही तोच! नऊचे उद्दिष्ट गाठणाऱ्या प्रयोगशाळा तीनांत एकही भरल्या नाहीत.

सरासरीविषयी एक सावधगिरी सांगतो. माणशी ०.३२ याचा अर्थ प्रत्येक अमेरिकनाला तेवढे मिळाले असा नव्हे. वाड्यात दहा माणसे असावीत, त्यांतल्या एकानेच लोणच्याची अख्खी बरणी संपवावी आणि हिशेबनिसाने लिहावे की माणशी दशांश बरणी खाल्ली, तसे हे आहे. वर्षभरात बहुसंख्य लोकांना शून्य मिळाले आणि थोड्यांना दहा किंवा पंधरा. हे थोडे लोक बहुधा वयस्क आणि आजारी असतात. किरणोत्सर्गाने कर्करोग होण्याचा धोका असतो तो वर्षानुवर्षांनी, बहुतेकदा दशकांनी प्रकट होणारा. सत्तरीतल्या हृदयरोग्याच्या बाबतीत त्याचे महत्त्व कमी आणि आजच्या रोगाचे जास्त.

धोका तरी किती? संरक्षणाच्या कामासाठी असे धरतात की मात्रा कितीही लहान असली तरी धोका तिच्या प्रमाणात असतो. त्या हिशेबाने दहा मिलिसिव्हर्टचा धोका दोन हजारांत एक. आपल्या देशात आयुष्यभरात कोणत्याही कारणाने कर्करोग होण्याची शक्यता नवांत एक असल्याचा अंदाज आहे. त्याच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा. शिवाय इतक्या लहान मात्रेत तो धोका खरोखर असतो की नाही याविषयी शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. केरळच्या किनाऱ्यावर, करुनागपल्ली तालुक्यात, मोनाझाईटच्या रेतीमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून कित्येक पट आहे. तेथील सुमारे सत्तर हजार लोकांचा दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. म्हणूनच छोटी मात्रा कोट्यवधी लोकांनी गुणून "इतके हजार मरणार" अशी बेरीज वर्तमानपत्रात कोणी मांडली तर तीवर विश्वास ठेवू नका. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००७ सालीच असा हिशेब करू नये असे बजावले आहे.

मग चाचांना मी का टोकले? कारण त्यांच्या पारड्यात दुसरे काहीच नव्हते. तपासणीतून लाभ व्हायचा असेल तर दोन हजारांत एक ही किंमत नगण्य आहे. लाभच नसेल तर लहान किंमतसुद्धा कशासाठी मोजायची?

आणि आता उलट बाजू. ती सांगताना माझा आवाज सभागृहातही थोडा बसला होता.

माझी धाकटी फुफी कोकणात आमच्या गावी राहायची. १९८६ साली तिच्या गळ्याच्या थायरॉईड ग्रंथीत गाठ निघाली. मुंबईला आणून शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की सहा आठवड्यांनी किरणोत्सारी आयोडिन घ्यावे. हे औषध काही नवे नव्हते. थायरॉईडच्या रोगावर किरणोत्सारी आयोडिन पहिल्याने दिले गेले ते १९४१ साली बॉस्टनमध्ये. थायरॉईडच्या पेशी आयोडिन शोषून घेतात, त्यामुळे औषध थेट रोगाच्या ठिकाणी जाते आणि तेथेच काम करते. फुफीला गावात कोणी सांगितले की ते बाँबचे औषध आहे, पिणारी बाई घरातल्या सगळ्यांना जाळते. घरात तान्ही नात होती. फुफी गेलीच नाही.

मी तेव्हा दोन वर्षे याच खात्यात नोकरीला होतो. रजेवर गावी गेलो तेव्हा तिला म्हटले, "फुफी, डॉक्टर सांगतात ते करावे." एवढे एक वाक्य! पुढे बसून समजावले नाही. वेगळी खोली किती दिवस, बाळ किती दिवस दूर, कपडे कसे धुवायचे, हे सगळे मी रोज परक्या लोकांना सांगत होतो. घरात सांगायला संकोच वाटला. वडीलधाऱ्या बाईला लघवीविषयी काय सांगायचे, असा तो संकोच. तीन वर्षांनी विहिरीवर पाणी काढताना तिच्या मांडीचे हाड मोडले. रोग हाडात गेला होता. मग तिने आयोडिन घेतले, तीनदा घेतले, आणि पुढे सहा वर्षे जगली. पण पाय आखूड राहिला आणि शेतावर पुन्हा गेली नाही. तेव्हा तान्ही असलेली तिची नात आज या संस्थेच्या एका शाळेत शिक्षिका आहे. ती समारंभाला आली होती.

म्हणून त्या वेळी जे सांगायला हवे होते ते आता तुम्हाला सांगतो. आयोडिनची मोठी मात्रा, साधारण तीस मिलिक्युरीहून अधिक, दिली की रुग्णाला रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवतात आणि अंगातले प्रमाण पुरेसे उतरले की सोडतात. तेथील सांडपाणीही टाकीत साठवून, निवल्यावरच बाहेर सोडतात. घरी आल्यावर रुग्णालय सांगेल तितके दिवस वेगळे झोपावे, मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून हातभर नव्हे, चार हात अंतर राखावे, संडासात दोनदा पाणी ओतावे. ते दिवस मोजके असतात; सहा महिने नव्हेत. अंगावर पाजणाऱ्या आईने आयोडिन घेतले तर त्या बाळाचे अंगावरचे दूध कायमचे बंद करावे लागते, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. दिवस गेलेले असतील किंवा शंका असेल तर न लाजता सांगावे. आयोडिननंतर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नयेत. टेक्नेशियमच्या तपासण्यांत यातले जवळजवळ काहीच लागत नाही. पाजणाऱ्या आईला काही तपासण्यांत थोडे तास थांबावे लागते, काहींत तेही नाही.

लहान मुलांचे थोडे निराळे. वाढत्या शरीराला किरणांची बाधा अधिक होऊ शकते आणि पुढचे आयुष्यही लांब असते. त्यासाठी मुलांची मात्रा वजनावर ठरवतात. युरोपात आणि अमेरिकेत त्याची ठरीव कोष्टकेच आहेत. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या मुलाच्या मूत्रपिंडाचा डीएमएसए स्कॅन असा केला तर एक मिलिसिव्हर्टच्या आसपास भागतो आणि मूत्रपिंड वाचते. मुलाला घेऊन गेलात आणि कोणी वजनच केले नाही, तर "वजन नाही का करायचे?" एवढे जरूर विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावलेच तर रागावू द्या.

आमच्या भागातले पुष्कळ लोक आखातात नोकरीला जातात, म्हणून एक व्यावहारिक सूचना. हल्ली विमानतळांवर किरणोत्सर्ग ओळखणारी यंत्रे असतात. थॅलियम किंवा आयोडिन घेतलेल्या माणसाजवळ ती काही आठवड्यांनंतरही वाजू शकतात. धोका काही नसतो, पण चौकशीत विमान चुकते. तपासणीची तारीख आणि पदार्थाचे नाव लिहिलेले पत्र रुग्णालयाकडून घेऊन ठेवा. तसेच, बऱ्याच तपासण्यांत इंजेक्शननंतर भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जायला सांगतात, त्याने मूत्राशयाला पोचणारी मात्रा कमी होते. रमजानमध्ये तपासणीची तारीख आली आणि डॉक्टरांच्या मते घाई नसेल तर ती पुढे घ्या. रोजा धरून पाणी न पिता तपासणी करून येणे हा मधला मार्ग बरा नव्हे.

आता कागदांविषयी. माझ्या थोरल्या भावाची हृदयाची तपासणी एका मोठ्या रुग्णालयात झाली. चार महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात गेला तर तेथे पुन्हा सांगितली, कारण जुने चित्र सापडेना. पहिल्या ठिकाणी विचारले, तर म्हणाले यंत्र बदलले, जुन्या नोंदी निघत नाहीत. भाऊ माझाच, खाते माझेच, तरी दहा मिलिसिव्हर्ट आणि बरेच हजार रुपये फुकट गेले. पेट स्कॅनच्या वेळीही हेच होते. आठवड्यापूर्वी सीटी झालेला असतो, तो घरी कपाटात राहतो आणि इथे पुन्हा पूर्ण सीटी निघतो. जगभर दरवर्षी सुमारे चार कोटी अणुवैद्यक तपासण्या होतात. त्यांतल्या कितींची अशी पुनरावृत्ती असेल ते कोणी मोजत नाही. माझ्या टेबलावर अशी माणसे आठवड्यातून दोन-चार तरी यायची.

तेव्हा घरात प्रत्येकाची एक फाईल असू द्या. तीत तपासणीचे नाव, तारीख, कोणता पदार्थ, किती मिलिक्युरी, एवढे लिहिलेला अहवाल आणि चित्रांची तबकडी ठेवा. अहवालात मात्रा लिहिलेली नसेल तर लिहून मागा. डॉक्टरांनी तपासणी सांगितली की तीन-चार प्रश्न अदबीने विचारता येतात. हिच्या निकालाने माझ्या उपचारात काय फरक पडेल? पूर्वीची चालेल का? सोनोग्राफीसारख्या किरणांशिवायच्या तपासणीने भागेल का? चांगला डॉक्टर याची उत्तरे देतो. मी पाहिलेले बहुतेक देत असत. उत्तर पटले की मात्र भीती बाजूला ठेवून तपासणी करून घ्या.

व्याख्यान संपल्यावर शेवटच्या रांगेतील बारावीच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, रुग्णाला एकदाच मिळते. तुम्ही तर रोज तिथे उभे राहायचा. तुम्हाला किती मिळाले?" प्रश्न चांगला होता आणि मला तो अपेक्षित नव्हता. कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक बिल्ला असतो. तो दर तीन महिन्यांनी मोजणीला जातो. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, त्याने घातलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसिव्हर्ट आहे. माझे बहुतेक वर्षी दोनच्या आत राहिले. म्हणजे निसर्गाकडून मिळाले त्याहून थोडे कमीच. मी तिला हे सांगितले. तिने पुन्हा विचारले, मुलींना हे काम करता येते का? येते. आमच्या खात्यात निम्म्याहून अधिक मुलीच होत्या. दिवस गेले असे कळवले की त्या मुलीचे काम बदलून देतात आणि पोटातल्या बाळासाठी वेगळी, एक मिलिसिव्हर्टची, मर्यादा पाळतात. परळच्या रेडिएशन मेडिसीन सेंटरमध्ये विज्ञान पदवीनंतर या तंत्राचा डिप्लोमा आहे. जागा थोड्या असतात, म्हणून पदवीला पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र नीट कर, असे तिला सांगितले आणि माझा टेलिफोन नंबर तिच्या वहीत लिहून दिला.